रस्त्याकडचं हिरवं

“गूळ विरघळला की गं. आता ओत त्या बियाण्यावर. बघत काय बसलीस?” मी म्हणाले.

वैजी पातेल्यात बोट बुडवून बसली होती. “थांब मोठ्याई, गार होऊ दे. गरम ओतलं तर मरतील.”

“कोण मरतील?”

“हे.” तिनं मांडीवरची प्लॅस्टिकची पिशवी वर करून दाखवली. आत काळी भुकटी. धुराड्यातली काजळी खरवडून भरावी तशी.

मी पिशवीत नाक घातलं. ओल्या मातीचा वास आला. “ह्यात मुंगी न्हाय, किडा न्हाय. मरायला जिवंत हाय काय ह्यात?”

“एका चिमटीत आपल्या तालुक्यात माणसं नसतील एवढे जीव आहेत.”

“मग आधी सांगायचं. एवढी पंगत माझ्या दारात कधी बसली न्हाय. पत्रावळ्या कुठनं आणू?”

वैजी हसली. हसली की तिच्या आईसारखी दिसायची. माझी धाकटी जाऊ ती. पोर रांगत असतानाच गेली. तेव्हापासून वैजयंताला मीच वाढवलं. मी दुसरीतून शाळा सोडलेली आणि ही विद्यापीठात जिवाणूंवर संशोधन करत होती. ‘वैजी डॉक्टर होणार’ असं मी गावात सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी गुडघे दाखवायला दारात हजर. त्यांना समजावता समजावता माझा दिवस गेला, कारण मलाच नीट समजलेलं नव्हतं.

पाणी गार झालं. तिनं ते घेवड्याच्या बियाण्यावर शिंपडलं, वर काळी पूड टाकली आणि हलक्या हातानं चोळत बसली. तान्ह्या पोराला तेल लावावं तशी. आमच्या भागातला वाघ्या घेवडा, अंगावर तांबडे पट्टे असलेला, त्याचं तोंड काळं झालं. मी सूप उचलून उन्हात ठेवायला निघाले तर ओरडली, “सावलीत, मोठ्याई, सावलीत! उन्हानंही मरतात.”

“गरम पाण्यानं मरतात, उन्हानं मरतात. असली नाजूक माणसं वावरात काय उजेड पाडणार?”

“बघशील तू,” ती म्हणाली.

तिनं मला सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. हरभऱ्याच्या, भुईमुगाच्या मुळाला गाठी असतात. त्या गाठींत हे जीव राहतात. हवेतलं खत ओढून झाडाला देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर खातात. पण घेवडा भारी चोखंदळ. त्याला येईल तो भाडेकरू चालत नाही. मुळाला गाठ धरतच नाही म्हणा ना. म्हणून आम्ही सगळे घेवड्याला युरिया देतो. दिला नाही तर पीक पिवळं पडतं. तर ही पोर गावोगाव घेवडा उपटत हिंडली. लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आणि चांगली गाठ धरलेलं एक मूळ तिला सापडलं ते आमच्याच ओढ्याकाठच्या तुकड्यात.

“म्हणजे आमच्याच वावरातले नेलेस, विद्यापीठात पोसलेस, आणि परत आमच्याच वावरात आणलेस?” मी विचारलं. “माहेरपणाला गेले होते काय?”

सर्जेराव, म्हणजे माझा दीर, वैजीचा बाप, जवळच दोरखंड वळत होता. तो कधी मोठ्यानं हसत नाही, पण त्याचे खांदे हलले.

त्यानं तिला आमचं सगळ्यात चांगलं वावर दिलं होतं, बाजाराच्या रस्त्याला लागून असलेलं. मधे थोडा उंचवटा आणि त्याच्या पलीकडे ओढ्याकडे उतरत गेलेली जमीन. वैजीनं त्यात वाफे पाडले, पत्र्याच्या पाट्या रोवल्या. काही वाफ्यांत पुडीचं बी, काही वाफ्यांत कोरडं. कुठं काय ते तिलाच ठाऊक. आणि जाताना आम्हा दोघांना समोर उभं करून म्हणाली, “युरियाचा एक दाणासुद्धा नाही. पिवळं पडलं तरी नाही.”

“आणि मेलं तर?” सर्जेरावानं विचारलं.

“मेलं तरी नाही, आबा.”

तिच्यासाठी हा एवढा एकच हंगाम होता. पोर पंचविशीच्या पुढं गेलेली. कारखान्यात नोकरी असलेल्या मुलाचं, साळुंख्यांचं स्थळ चालून आलेलं. माणसं तोलामोलाची होती, पण त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. लग्नानंतर विद्यापीठ नाही, वावर नाही. मुलाचे चुलते नानासाहेब, त्यांना मी घरच्या ओट्यावर बसून शब्द दिला होता, की ह्या हंगामात पोरीचं काम तडीला गेलं की दिवाळीनंतर लग्न. वैजीनं ते ऐकलं होतं. वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, “हंगाम नीट निघाला तर माझं पुरं होतं. निघाला नाही तर अर्ध्यातच राहील. मोठ्याई, तू शब्द दिलास, मी मोडायला लावणार नाही.”

पेरून ती विद्यापीठात गेली. घेवडा उगवला, दोन पानांवर आला, चार पानांवर आला, आणि पिवळा पडायला लागला.

आमचा तो रस्ता फार वाईट. बाजाराच्या दिवशी सगळा मुलूख त्यावरून जातो आणि जाता जाता प्रत्येकाच्या वावराला मार्क देत जातो. कुणाची पेरणी वाकडी, कुणाचं तण माजलं, कुणाचा बांध फुटला. आमच्या घराला त्या रस्त्यानं कधी कमी मार्क दिले नव्हते. सर्जेरावाच्या हातचं पीक बघायला माणसं सायकलवरून उतरायची.

त्या बाजाराच्या दिवशी चांगुणा रस्त्यावरनं बांधाशी उतरली. खालच्या आळीतली. ती आणि मी एकाच वर्षी ह्या गावात नांदायला आलो, आणि तेव्हापासून आमचं काही पटलं नाही.

“काय आक्का,” डोक्यावरची पाटी सावरत ती म्हणाली, “वावराला हळद लागली वाटतं? लगीन पोरीचं हाय का घेवड्याचं?”

“तुझी सून कालवण करती ते ह्याच रंगाचं असतं,” मी म्हणाले. “तरी दोन टाइम जेवतीस न्हवं?”

चांगुणा हसत निघून गेली. पण तिच्यामागून येणारेही हसले. सर्जेराव बांधावर खुरपं घेऊन बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

त्यानंतर पाऊस झाला, मी चार-पाच दिवस भातलावणीत होते. परत वावराकडं गेले तर काय सांगू! सगळं वावर हिरवं. नुसतं हिरवं नाही, काळंभोर. पानं तळहाताएवढी. मी तिथंच हात जोडले. त्या काळ्या पुडीतल्या जीवांना मनातल्या मनात म्हणाले, चुकलं बाबांनो, तुम्हाला नाजूक म्हणाले.

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम बांधावर उभी राहिले. चांगुणा आली, बघत बघत पुढं गेली. तोंडातून शब्द नाही. असं सुख मला सोन्याच्या पाटल्या केल्या तेव्हाही झालं नव्हतं. आल्या-गेल्याला मी सांगत सुटले. युरियाचा दाणा नाही हो, हे सगळं आमच्या वैजीच्या पुडीचं. साळुंख्यांकडं निरोप धाडला, येत्या रविवारी या, तारीख धरू. वैजीचे विद्यापीठातले मोहोळकर सर त्याच रविवारी पीक बघायला येणार होते. म्हटलं, एका दिवसात दोन्ही शुभकार्यं.

शनिवारी दुपारी वैजी एसटीतून उतरली. मी तिला घरी नेलंच नाही. फाट्यावरून थेट वावरात.

“बघ!” मी म्हणाले.

तिनं बघितलं. तोंडभर हसू आलं आणि जागच्या जागी विझलं. ती वाफ्यात शिरली, एका पाटीपाशी वाकली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

“मोठ्याई, ह्या वाफ्यात पूड नव्हती.”

“मग काय झालं? ह्यानंसुद्धा तुझं नाव राखलं.”

“ह्यातही नव्हती.” तिनं एक झाड मुळासकट काढलं आणि पाटाच्या पाण्यात धुतलं. मुळं निघाली पांढरीशुभ्र, स्वच्छ. सुईत ओवावीत अशी. मग पुडीच्या वाफ्यातलं एक झाड काढलं. तेही तसंच. गाठ म्हणून नाही. तिनं दोन्ही माझ्यापुढं धरली.

“युरिया कुणी टाकला?”

“ए पोरी! तोंड सांभाळून बोल. आम्ही दिलेला शब्द—”

“टाकलाय मोठ्याई. मूळ खोटं बोलत नाही. मुळाला भूक लागली तरच ते ह्या जीवांना हाक मारतं. खरंच मारतं, मातीत काहीतरी सोडतं आणि त्या वासावर हे येतात. वर ते पिवळं पडलं असेल ना, तेव्हाच खाली हाक चालली असणार. आयतं मिळाल्यावर मूळ कशाला हाक मारेल? हे बिचारे मातीत वाट बघत बसले असतील.”

मला दुसरं काही सुचलं नाही. सुचली ती चांगुणा. माझा पदर कमरेला खोचला गेला.

“तिचंच काम. त्या दिवशी हसून गेली. आमचं वाटोळं करायला टाकला असणार. थांब, तिच्या दारात जाऊन तिच्या झिंज्या—”

“वैनी.” सर्जेराव आंब्याखाली उभा होता. आम्हाला दिसलाच नव्हता. “तिच्या दारात जाऊ नका.”

“का म्हणून?”

“मी टाकला.”

माझ्या हातात काही असतं तर मी फेकून मारलं असतं. “तू? तुझ्यासमोर पोरीनं सांगितलं होतं न्हवं? मेलं तरी न्हाय म्हणून?”

“व्हय.”

“मग?”

“बाजारची माणसं बघत जायची, वैनी. हसायची. माझ्या पिकाला हसली असती तर चाललं असतं. हे तिचं होतं.” मग म्हणाला, “ल्हान असताना हिला कावीळ झाली होती. तवा अशीच दिसायची. मला बघवंना. पहाटे येऊन टाकला.”

वैजी वाफ्यात बसली होती, हातात ती दोन रोपं. मला वाटलं आता ही ओरडेल, रडेल. मी रडले असते. पण तिनं बापाकडं बघत अगदी हळू विचारलं, “सगळीकडं टाकला, आबा?”

“न्हाय. उंचवट्यापलीकडं न्हाय टाकला.”

“का?”

“तिकडचं रस्त्यावरनं दिसत न्हाय.”

वैजी उठली ती पळतच सुटली. झाडं तुडवत. स्वतःच पाडलेल्या वाफ्यांतून. मी आणि सर्जेराव तिच्यामागं उंचवटा चढून गेलो आणि माथ्यावर आल्यावर माझे पाय थांबले.

उतारावर दोन वाफे होते, एकमेकांना चिकटून. मधे हातभर रुंदीची सरी. अलीकडचा वाफा पिवळा, खुरटलेला, आजारी माणसासारखा. आणि पलीकडचा हिरवा. युरियाचा तो काळपट, माजलेला हिरवा नव्हे. पोपटाच्या पंखाचा असतो तसला. बी एकाच कणगीतलं. पाऊस एक, माती एक, पेरणारा हात एक. मधे फक्त त्या काजळीची एक चिमूट.

मी उतरून त्या सरीत जाऊन उभी राहिले.

वैजीनं हिरव्या वाफ्यातलं झाड उपटलं नाही. खुरप्यानं भोवतीची माती सोडवत सोडवत काढलं, सुइणीनं मूल काढावं तसं. ओढ्यात धुतलं आणि तळहातावर घेऊन आली. मुळाला गाठी होत्या. मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या. माळ घातल्यासारख्या.

“ही कीड हाय की गं,” मी म्हणाले. भुईमूग काढताना अशा गाठी मी हजारदा चिरडल्या होत्या.

तिनं नखानं एक गाठ चिरली. आत लाल. ताजं, ओलं लाल.

“रगत?”

“रक्तच म्हण. आपलं रक्त ज्यानं लाल असतं ना, त्याच्याच जातीचं आहे हे.”

“झाडाला कुठं रगत असतं?”

“एकट्या झाडाला नसतं. एकट्या जिवाणूलाही नसतं. दोघं एका घरात नांदायला लागले की तयार होतं. आतल्या जीवांना श्वास पुरावा, पण जास्त होऊ नये, म्हणून. हा लाल रंग दिसला की समजायचं, आत काम चालू आहे.”

तिनं ती गाठ माझ्या बोटावर टेकवली. बोटाला लाली लागली. मी ती पदराला पुसली नाही. सवयीनं हात पदराकडं गेला होता, पण मागं घेतला.

नवरी म्हणून आले तेव्हापासून त्या मातीत मी उकिडवी बसून खुरपलं होतं. तिच्यावर थुंकले होते, तिला शिव्या दिल्या होत्या, तिच्यावर भाकर खाल्ली होती. माझ्या पायाखाली असं एक घर आहे, त्यात कुणी कुणाला हाक मारतं, कुणी धावून जातं, दोघांचं मिळून रक्त होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कीर्तनात ऐकलं नव्हतं. आमच्या सासूबाईंनी सांगितलं नव्हतं. त्यांनाही कुणी सांगितलं नसणार. मी चपला काढल्या. का काढल्या ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. सर्जेरावानं माझ्याकडं बघितलं आणि त्यानंही काढल्या.

संध्याकाळी भाकरी थापता थापता माझं डोकं मात्र चालू झालं. “वैजे, मग झालंच की गं. उद्या सरांना मागचं दाखव. पुढचं काय, हिरवं हायच. सगळंच हिरवं. कोण विचारतंय?”

“पुढचं खोटं आहे, मोठ्याई.”

“मुळं उपटून कोण बघतंय?”

“मी बघितली ना,” ती म्हणाली, आणि ताटात भाकरी घेतली.

मी तव्याकडं वळले तोवर भाकरी करपली.

रविवारी सकाळी मोहोळकर सर जीपमधून आले. किडकिडीत, पायात रबरी चपला. मला वाटलं होतं कुणी टाय घातलेला साहेब असेल. ते रस्त्याकडचं पीक बघून काही म्हणायच्या आत वैजीनंच सगळं सांगून टाकलं. बापाचं नाव न घेता. सर्जेराव पुढं झाला आणि म्हणाला, “मी टाकला साहेब. मी हिचा बाप.” सरांनी त्याच्याकडं बघून नुसती मान हलवली. मग ते उंचवट्यापलीकडं गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आम्ही जाऊन बघतो तर त्या दोन वाफ्यांच्या मधल्या सरीत, चिखलात, पँटसकट बसलेले. तोंडावर लहान पोराचं हसू.

परत आल्यावर त्यांनी जीपमधून सूक्ष्मदर्शक काढून आमच्या ओट्यावर मांडला. खालचा आरसा उन्हाकडं फिरवला. गाठ चिरडून, काचेवर थेंब घेऊन मला म्हणाले, “या आई, बघा.”

“मला काय दिसणार? मला सुईत दोरा ओवता येत न्हाय.”

“सुईपेक्षा बारीक आहे, तरी दिसेल.”

मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग उजेड. मग त्या उजेडात बारीक बारीक काड्यांचे तुकडे, दाटीवाटीनं, थरथरत असलेले. सकाळी दळताना उन्हाची तिरीप आली की पिठाचे कण तिच्यात नाचतात, तसे. पण पिठाच्या भरवशावर कोणी आपलं वावर सोडत नाही. मी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मान आखडली तेव्हा बाजूला झाले आणि सरांना म्हटलं, “म्हणजे झालं. दोन वाफे डोळ्यांनी दिसतात, हे डोळ्यांनी दिसलं. आता पोरीला तुमचा कागद देऊन टाका.”

सर वैजीकडं बघून म्हणाले, “तूच सांग त्यांना.”

“एकाच जोडीवर खरं मानता येत नाही, मोठ्याई. त्या कोपऱ्यात आधी शेण पडलं असेल. बैल बसत असतील. बाकीच्या सगळ्या जोड्यांत असंच दिसायला हवं होतं. त्या तर गेल्या.”

“पण दिसतंय ते खोटं हाय का मग?”

“खरं असेल, आई,” सर म्हणाले. “मला तर वाटतं खरंच आहे. पण ‘असेल’ म्हणून मी दुसऱ्याला त्याच्या वावरात युरिया बंद करायला सांगू का? त्याचं पीक गेलं तर?” मग वैजीला म्हणाले, “पुढच्या पावसाळ्यात परत पेरावं लागेल.”

“हो सर,” वैजी म्हणाली. रडली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. पुढचा पावसाळा तिचा नव्हता, तो मी ह्याच ओट्यावर बसून देऊन टाकला होता.

सर गेले. दुपार कलताना साळुंखे मंडळी आली. नानासाहेब मोठ्या आवाजाचा माणूस. फटफटीवरून उतरता उतरताच बोलायला लागले, “आक्का, वावर बघत आलो तुमचं! काय पीक हाय, काळंभोर! रस्त्यात बाई भेटली एक, म्हणाली बिनयुरियाचं हाय. आम्ही म्हटलं, आमची सून हाय ती!”

ती बाई कोण ते मला विचारावं लागलं नाही. चांगुणासुद्धा माझंच सांगायला लागली होती.

पोहे आले. वैजीनं बशा ठेवल्या आणि ती दारामागं उभी राहिली. सर्जेराव खांबाला टेकून.

“म्हणजे पोरीचं काम फत्ते झालं,” नानासाहेब म्हणाले. “आता तारीख धरू.”

मला नुसती मान हलवायची होती. गावात बढाई मीच मारली होती, रस्ता माझ्या बाजूला होता, पाहुणे खूष होते. मान हलवली असती तर कुणी मुळं उपटून बघायला गेलं नसतं. वैजीसुद्धा काही बोलली नसती, तिनं तसं सांगितलंच होतं. पण मला काल संध्याकाळचं तिचं बोलणं ऐकू यायला लागलं. मी बघितली ना, असं म्हणाली होती पोर. आता मीही बघितली होती.

“नानासाहेब,” मी म्हणाले, “ते हिरवं तिचं न्हाय.”

“म्हणजे?”

“युरियाचं हाय. आमच्याच घरातनं पडला. पोरीचा प्रयोग ह्या साली फसला. मी गावात सांगत हिंडले ते खोटं निघालं. पुढच्या पावसाळ्यात ती परत पेरणार.”

दारामागं बांगड्या वाजल्या. नानासाहेबांचा हात बशीवरच राहिला.

“फसला तर फसला हो. आमच्याकडं येऊन तिला कुठं घेवडा पिकवायचा हाय? लग्नाला काय आडवं येतंय त्यात? तुम्ही शब्द दिलाय, आक्का.”

“दिलाय. पोरीचं काम तडीला गेलं की, असा दिलाय. गेलं न्हाय. साल थांबा, न्हाय तर थांबू नका.”

“एवढ्याशा घेवड्यापायी असलं स्थळ सोडता?”

“घेवड्यापायी न्हाय. चला, दाखवते कशापायी ते. उंचवट्यापलीकडं दोन वाफे हायत. चप्पल काढून यावं लागंल.”

ते आले नाहीत. फटफटीला किक मारताना नानासाहेब म्हणाले, “लोक काय म्हणतील, ह्याचा इचार करा.”

“लोक रस्त्यावरनं जातात,” मी म्हणाले. “तिथनं दिसतं तेवढंच म्हणतील.”

आवाज लांब गेल्यावर मी ओट्यावर बसले. वैजी बाहेर आली.

“मोठ्याई, त्यांनी पोहे तसेच ठेवले.”

“मग खा. शेंगदाणे घातलेत, वाया घालवायचे न्हायत.”

ती माझ्या शेजारी बसली आणि खायला लागली. खाता खाता रडायला लागली. सर्जेरावानंही एक बशी उचलली. आम्ही तिघांनी पाहुण्यांचे पोहे संपवले.

पुढं ती खरंच डॉक्टर झाली, गुडघे न बघणारी. तिच्या हाताखाली पोरं-पोरी शिकून गेली आणि ती पूड आता तालुक्यात दुकानादुकानांतून मिळते. पण मला विचाराल तर मला त्याहून जास्त आठवतो तो दुसरा हंगाम, जेव्हा ह्यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

परत तेच वावर, तेच वाफे, त्याच पाट्या. घेवडा चार पानांवर आला आणि पिवळा पडला. सर्जेरावाला मी तेवढ्यात त्याच्या बहिणीकडं पाठवून दिलं, तिच्या गोठ्याचं छप्पर नीट करायला. आणि स्वतः रोज बांधावर येऊन बसायला लागले, रस्त्याकडं तोंड करून. खाली काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. चाललंय की नाही, हेही ठाऊक नव्हतं. मागल्या साली त्या कोपऱ्यात खरंच शेण पडलेलं असलं तर?

बाजाराच्या दिवशी चांगुणा आली. थांबली. पाटी खाली ठेवली.

“आक्का, औंदाही पिवळंच?”

“व्हय. पिवळंच.”

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी काही टाकून बोलेन म्हणून वाट बघत असावी. “आणि तू नुसती बसून बघतीस? काय करतंय तरी काय ते?”

“हाक मारतंय.”

“कुणाला?”

मी बांधावर जरा सरकले आणि तिला बसायला जागा करून दिली.